दोन्हीकडून दिसणारा काटा

तो वजनकाटा माझा होता, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या डोंगराळ काराकोल शहराच्या बाजारात मी जर्दाळू, मनुका, अक्रोड विकते. त्या हिवाळ्यात वीज तासन्‌तास जायची आणि येताना अशी उसळून यायची की माझा काटा त्यात मेला. धाकटा भाऊ मेदेर समोरच्याच गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतो, म्हणून काटा त्याच्याकडे टाकला. घरचाच वैद्य, होईल म्हटलं. कसलं काय! त्याने काट्याचे आकडेच कापून घेतले.

पण त्याआधी काय झालं ते ऐका, म्हणजे माझा जीव का जळतो ते कळेल.

फोटोवाला असांगाझी मेदेरकडून कॉम्प्युटर साफ करून घेऊन गेला. आठवड्याने तो सुरूच होईना. तेव्हा असांगाझी गेला कोपऱ्यावरच्या ओर्मोनकडे. हाही दुरुस्तीवालाच. ओर्मोनने झाकण उघडलं, पुन्हा लावलं आणि म्हणाला, "मेमरी बदललीय कुणीतरी. चांगली काढून मेलेली बसवलीय." उचलली जीभ, लावली टाळ्याला! झालं, असांगाझी भर बाजारात ओरडत आला, "चोर! मेदेर चोर आहे!"

आमच्या बाजारात तंटा झाला की झापार-अताला बोलावतात. म्हाताऱ्याचा शब्द कुणी मोडत नाही. त्याने नान मागवली आणि म्हणाला, "हातात धरा आणि शपथ घ्या." असांगाझीने झटकन धरली. "खोटं बोलत असेन तर ही नान मला मारो!" मग नान मेदेरपुढे आली. त्याने हात मागे घेतला.

"अरे घे की!" मी ओरडले.

"नाही घेणार, एजे," तो म्हणाला; ताईला आम्ही एजेच म्हणतो. "या ओळीत शिळ्या मालासाठीसुद्धा नानची शपथ खातात. त्याच तोंडाने मी खरं बोलू?"

"कर नाही त्याला डर कशाला?" ओर्मोन मागून म्हणाला, आणि लोक फिदीफिदी हसले. माझ्याकडून अर्धा किलो मनुका फुकट चाखून जाणारे लोक! झापार-अता म्हणाला, शपथ घेत नसशील तर रविवारपर्यंत गाळा रिकामा कर. आमच्या आईची औषधं, घरातला कोळसा, सगळं त्याच गाळ्यावर चालतं. त्याचं कुणाला काय!

घरी येऊन मी मेदेरला धारेवर धरलं. तो ऐकतच नव्हता. माझा काटा खोलत बसला होता.

"एजे, कॉम्प्युटर उठताना आपलेच अवयव चाचपून बघतो. एकेकाला एकेक आकडा. जिथे अडतो तिथला आकडा तो सांगतोही, पण आतल्या आत. मला तो बाहेर आणायचाय."

"आण की! माझा काटा कशाला फाडतोस मेल्या?"

"तुझ्या काट्याला दोन्हीकडे आकडे आहेत. तुला दिसतं तेच गिऱ्हाइकाला दिसतं. जर्दाळू घेणाऱ्याला एवढा मान, आणि कॉम्प्युटर देणाऱ्याने नुसतं आम्हा दुरुस्तीवाल्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं?"

जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेल्या कार्डाच्या पट्टीवर तो माझ्या काट्याचे आकडे तापल्या सळीने तारांनी जोडत राहिला. बोटं भाजून घेतली. एकदा सगळं जुळलं, तर मागच्या बाजूला आकडे उलटे आले. सगळं सोडवून पुन्हा बसला. आई त्याच्या तोंडात तळलेले बोरसोक कोंबत होती आणि मी दोघांनाही बोलत होते.

रविवारी ओर्मोनसुद्धा पुढे येऊन उभा राहिला, तमाशा बघायला. मेदेरने पट्टी असांगाझीच्या कॉम्प्युटरमध्ये उभी खोचली. आकड्यांचं एक तोंड त्याच्याकडे, दुसरं लोकांकडे. कुठला आकडा म्हणजे कुठला भाग, ते पुठ्ठ्यावर रंगवून भिंतीला टांगलं होतं.

"बाइके, मेमरी तुमच्याच हाताने काढा," तो असांगाझीला दादा म्हणावं तशा मानाने म्हणाला. असांगाझीने काढली. मेदेरने बटण दाबलं. लाल आकडे पळाले आणि एका जागी थांबले. पुठ्ठ्यावर बघितलं तर मेमरी.

"आता तीच परत बसवा."

बसवली. आकडे पळाले, मेमरी ओलांडून पुढे गेले आणि दुसरीकडे थांबले. लोकरीचे नमदे विकणारी म्हातारी मान वर करून मोठ्याने वाचू लागली, "पडद्याचं कार्ड! अगं बाई, मेमरी तर जिवंत आहे!" "वीज उसळते त्यात जातात ही कार्डं, एजेच्या काट्यासारखीच," म्हणत मेदेरने स्वतःच्या कॉम्प्युटरचं कार्ड काढून त्यात लावलं. पडदा उजळला. असांगाझीच्या फोटोतली कुणाची तरी नवरी हसत होती.

असांगाझीने घसा खाकरला. "मग हे आधीच का नाही दाखवलंस?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! मी नान आणून त्याच्यासमोर आपटणार होते, पण नान आपटत नाहीत, म्हणून नुसती ठेवली. "घ्या बाइके. त्या दिवशी कशी झटकन धरली होतीत! आता खा."

असांगाझीचा हात उठेना. शेवटी मेदेरनेच नान मोडली, चहा ओतला आणि पहिला तुकडा त्याला दिला. मला मेदेरचाच राग आला. असांगाझी तो तुकडा कितीतरी वेळ चघळत राहिला. झापार-अता काठी टेकत उठला, "गाळा राहू दे" म्हणाला आणि निघून गेला. चोर म्हणायला सगळा बाजार होता. चुकलो म्हणायला एक माणूस नाही!

लोक पांगल्यावर ओर्मोन आला. आवाजात नुसता मध. "मेदेर, भावा, डोकं आहे तुला. मलाही एक बनवून दे की. फक्त आकडे एकाच बाजूला ठेव. आपल्या."

मी हातातला अक्रोड त्याला फेकून मारायला उचललाच होता. मेदेरने माझा हात धरला.

"एका बाजूचा तुझ्याकडे आहेच की, ओर्मोन," तो म्हणाला. "तुझं तोंड."

त्या दिवशी मी काट्याचं भांडण सोडून दिलं.