वाढोण्याच्या मुली आणि एक वेगळी फाईल

लातूरच्या एका मुलींच्या वसतिगृहाची वेबसाइट मी नांदेडच्या आमच्या छोट्या ऑफिसात बसून बनवली, तेव्हा मला नोकरीला लागून दुसरंच वर्ष होतं. अकरावी-बारावीसाठी लातूरला जाणाऱ्या मुली त्यावर अर्ज भरायच्या. नियम साधा होता. जिचं गाव लांब, तिला आधी जागा. मुलीने गावाचं नाव लिहिलं की वेबसाइट आमच्या गावांच्या यादीतून किलोमीटर उचलून अर्जात भरायची.

कच्ची यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, ऑफिसच्या दारात एक गृहस्थ मुलीला घेऊन उभे राहिले. वेबसाइटच्या तळाशी आमचा पत्ता होता, तो वाचून आले होते.

"मॅडम, माझ्या पोरीचं नाव पार खाली टाकलंय तुमी. आमच्यापेक्षा लांबून कोन जातंय लातूरला?"

मी अर्ज उघडला. गाव वाढोणा, अंतर शून्य.

"काका, यादीत हे गावच नाही."

"हिमायतनगरच की ते! कागदावर हिमायतनगर, आमच्या तोंडात वाढोणा. पोरीनं घरात म्हनतो तेच लिवलं."

माझी मान खाली गेली. मी भोकरची, शेजारच्याच तालुक्यातली. आमच्या घरी तिकडच्या मावशीला सगळे 'वाढोण्याची मावशी'च म्हणायचे. तरी गावांची यादी करताना मला ते आठवलं नव्हतं. शोधलं तेव्हा कळलं की असं कितीतरी अर्जांचं झालंय. कुणी 'उमरी स्टेशन' लिहिलेलं, कुणी गावाच्या नावात वेलांटी चुकवलेली. नाव जुळलं नाही की अंतर शून्य, आणि शून्य म्हणजे मुलगी यादीच्या तळाला.

पक्की यादी त्याच दिवशी चार वाजता लागणार होती.

आमच्या ऑफिसचे प्रमुख, सर, म्हणाले, "एकेक अर्ज उघड आणि हाताने दुरुस्त कर. होतील तेवढे कर."

"होतील तेवढे नको, सर. सगळेच करते. त्यासाठी छोटा प्रोग्राम, स्क्रिप्ट लिहिते."

"आणि ती चुकली तर?"

"आधी नुसती वाचेल, काही बदलणार नाही. काय काय बदलेल त्याचा कागद तुमच्या हातात देते. तुम्ही हो म्हणालात की मग बदलू."

तेवढ्यात काका म्हणाले, "मॅडम, आमच्या एकटीचं करून द्या ना. तीनची बस हाय."

"काका, तुमच्या गावच्या अजून चार मुली आहेत खाली. सगळ्यांचं एकदमच होईल. बसा, चहा घ्या."

ते बसले. पण मुलगी माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

न जुळलेल्या प्रत्येक नावासमोर यादीतलं खरं नाव मांडून स्क्रिप्ट लिहिली, चालवली, आणि ती पहिल्याच ओळीला अडली. कारण लगेच ध्यानात आलं. वेबसाइट चालू असते तेव्हा ती ज्या तयार सांगाड्यावर उभी असते ते फ्रेमवर्क सगळी मांडामांड स्वतः करतं. सेटिंग्ज वाचतं, अर्ज साठवलेला डेटाबेस जोडतं, अर्ज म्हणजे काय ते प्रोग्रामला सांगतं. बाहेरून एकटी चालवलेली फाईल यातलं काहीच जाणत नाही. तिला आधी सेटिंग्जची फाईल दाखवावी लागते, फ्रेमवर्क उभं करावं लागतं आणि मगच अर्जांना हात लावावा लागतो. मी अर्ज आधी मागितले होते. ओळी वरखाली केल्या आणि स्क्रिप्ट सुरळीत धावली. जुनं अंतर, नवं अंतर, सगळं कागदावर आलं. सरांनी लाल पेनाने एकेक नाव तपासलं आणि म्हणाले, "हाव, चालव."

चालवली. पडद्यावर 'पूर्ण' असं आलं. वेबसाइट उघडली, तर यादी जशीच्या तशी!

सर माझ्याकडे बघायला लागले. मागून मुलगी हळूच म्हणाली, "काय झालं, ताई?"

मी पहिल्या ओळी पुन्हा वाचल्या. सेटिंग्जची जी फाईल मी दाखवली होती ती माझ्या लॅपटॉपची होती. सगळी दुरुस्ती लॅपटॉपवर चाचणीसाठी ठेवलेल्या अर्जांच्या नकलेत झाली होती. खरे अर्ज वेबसाइट जिथून चालते त्या सर्व्हरवर होते, त्यांना धक्काही लागला नव्हता. मला हायसं वाटलं. हिशेब बरोबर होता, फक्त ठिकाण चुकलं होतं.

खऱ्या डेटाबेसची प्रत काढून बाजूला ठेवली. स्क्रिप्ट सर्व्हरवर नेली, तिला तिथली सेटिंग्ज दाखवली. पुन्हा आधी नुसती वाचायला लावली, सरांच्या कागदाशी ताडली, मग चालवली. मिनिटभराचं काम. अडीच वाजले होते.

लातूरला वसतिगृहाच्या बाईंना फोन लावला. "बाई, यादी नव्याने काढा. वरची नावं बदललीत."

"अगं, काल पालकांना वाचून दाखवली मी! आता काय सांगू त्यांना?"

"चूक आमच्याकडून झाली म्हणून सांगा. कुणी विचारलं तर माझं नाव आणि नंबर द्या. मी बोलते."

त्या संध्याकाळी तीन पालकांचे फोन आले, दोघं चिडलेले. प्रत्येकाला नियम सांगितला आणि त्यांच्या मुलीचं अंतर वाचून दाखवलं.

त्याआधी दुपारीच नव्या यादीत काकांच्या मुलीचं नाव वरून सहावं आलं होतं. काकांनी ते तीनदा वाचलं होतं आणि तिला घेऊन तीनची बस गाठायला घाईने निघाले होते.

पुढच्या आठवड्यात मी भोकर आणि हिमायतनगर दोन्ही तालुक्यांतल्या ओळखीच्यांना फोन करून गावांची बोलण्यातली नावं गोळा केली आणि यादीत घातली. अर्जात गावाच्या रकान्याखाली एक ओळ लिहिली: 'घरी म्हणता तेच नाव लिहिलं तरी चालेल.'