दगडाच्या पलीकडचा दावा

मोटार आणखी थोडी पुढं येऊन उलटली असती, तर आमचा दावा सोलापूरच्याच कोर्टात चालला असता. सरहद्दीचा दगड समोर दिसत होता म्हणे. पण ती उलटली ओढ्याच्या उतारावर, संस्थानच्या हद्दीत. माणसाचं काय झालं ते राहू दे, आधी हद्द बघायची असते, हे मला तेव्हा कळलं.

मी माहेरी ओटी भरून उतारूंच्या मोटारीनं सोलापूरला परत येत होते. पाचवा महिना होता. लोकांनी मला बाकाखालनं ओढून काढलं. कंबर दुखावली आणि डावा हात खांद्यापासनं गेला. गेला म्हणजे जागच्या जागी होता, पण त्याला काही कळेना. चुलीपाशी पोळला तरी वास आल्यावर समजायचं. मूल राहिलं नाही. रडलीस का म्हणाल, तर नाही रडले. मीच सगळी त्या हातासारखी झाले होते.

मोटारीच्या मालकानं सगळीकडं सांगितलं, की बाईनं भिऊन चालत्या मोटारीतनं उडी मारली, बायका ओरडल्या, ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं आणि मोटार उलटली. सगळं माझ्या माथी मारून हा मोकळा! बाकीची माणसं त्याच्याच गावची, ती कशाला तोंड उघडतील? आमच्या घरात कानडी-मराठी दोन्ही चालायचं, सासूला मी अत्ती म्हणायची. अत्तीनं ते ऐकलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. ताट पुढं सरकवायची, पण तोंड दुसरीकडं. एकदा शेजारणीला म्हणाली, "पोटातलं लेकरू घिऊन उडी मारली की हिनं. आई म्हनायचं का हिला?" मी आतल्या खोलीत होते, सगळं ऐकू आलं.

नवी पेठेत आमचं भांड्याचं दुकान होतं. यांनी दावा लावला तो भरपाईसाठी. मला भरपाई नको होती. कुठल्या तरी न्यायाधीशानं एवढंच म्हणावं की हिनं उडी मारली नाही, आणि ते अत्तीच्या कानावर जावं.

सोलापूरच्या कोर्टानं दावा परत दिला. मोटार संस्थानात उलटली, मालक संस्थानात राहतो. अहो, पण मोटार रोज सोलापूरला येते ना? येते, पण इथं नुसती वळते, धंदा सगळा तिकडचा. आमचे वकील चिडले. म्हणाले, "ज्याला लागलं त्याच्या गावी दावा चालावा, असा नियमच करायला पाहिजे. मी सरकारकडं अर्ज करतो." केला बिचाऱ्यांनी. त्याचं पुढं काय झालं देव जाणे.

मग संस्थानच्या कोर्टात दावा लागला. तिकडं जायचं कसं? इतक्या लांब बैलगाडीत माझी कंबर टिकली नसती. मोटार एकच, त्याच मालकाची. घ्या! ज्यानं पाडलं त्याच्याच मोटारीत बसून त्याच्याविरुद्ध कोर्टात जायचं. मला धरायला बाईमाणूस हवं, म्हणून अत्तीला यावं लागलं. ती तोवर मोटारीत कधी बसलीच नव्हती.

बायकांचा बाक ड्रायव्हरच्या मागं. त्या दिवशी मी जिथं बसले होते ती अगदी आतली जागा अत्तीनं भीतीपोटी आधीच धरली. बाजूला खांद्यापर्यंत फळी, वर दोरीनं आवळलेली ताडपत्री, समोर आडवा लोखंडी दांडा. उतरायची वाट दुसऱ्या टोकाला, सगळ्या बायकांचे गुडघे ओलांडून. सरहद्दीचा दगड मागं पडला, ओढ्याचा उतार लागला आणि मोटार जरा कलली. अत्ती घाबरून उठायला गेली ती दांडा पोटात बसून खाली आली. तिनं फळी चाचपली, ताडपत्री चाचपली. मग कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलली. "तू कुटं बसली हुतीस गं?"

"तुम्ही बसलाय तिथंच."

तिनं दांडा दोन्ही हातांनी हलवून बघितला.

कोर्टात मालकाचा वकील हसतच उठला. "सरकार, बाई आज आमच्याच मोटारीनं आल्या. मोटार आणि ड्रायव्हर एवढे वाईट असते, तर बसल्या असत्या का?" लोकही हसले. माझ्या अंगाची आग व्हायला हवी होती. मी आपली आढ्याकडं बघत बसले.

तेवढ्यात अत्ती उभी राहिली. "सायेब, तुमी त्या बाकावर बसून तर बगा. तितनं मांजरबी भाईर पडायचं न्हाय. माजी सून कुटनं उडी मारंल?"

न्यायाधीशांनी विचारलं, मोटार उलटली तेव्हा तुम्ही आत होता का? "न्हाय," अत्ती म्हणाली. मग खाली बसा, म्हणाले. तिचं बोलणं कुणी लिहून घेतलं नाही. पुढं दावाही फेटाळला.

परत येताना मोटारीत अत्ती पुन्हा त्याच आतल्या जागेवर जाऊन बसली. मला वाटलं, भीतीनंच. पण बाकीच्या बायकांना आत सरकवून तिनं मला पार वाटेच्या कडेला बसवलं आणि एवढ्या बायकांदेखत ओरडून म्हणाली, "उलटाय लागली तर तू खुशाल उडी मार. माज्याकडं बगू नगंस."

सोलापुरात सात रस्त्यापाशी उतरलो तेव्हा तिनं माझा हात धरला, तो घराच्या उंबऱ्यापर्यंत सोडला नाही. यव्वा, यव्वा म्हणत सारखा दाबत होती; कानडीत यव्वा म्हणजे आई. डावा हात होता तो. मला नुसतं दिसत होतं.