व्यंकूचं कुलूप

व्यंकटेश गेल्याचं कळलं, तेव्हा मी चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल-डिझाईनच्या ऑफिसात, त्याच्याच मशीनपुढे बसून त्याला शिव्या घालत होतो. आदल्या दिवशी हार्ड डिस्क गेली होती, नवी बसवली तरी मशीन चालू होईना, आणि महाशय फोन उचलेनात. शेवटी वहिनींनी उचलला. "भाऊजी, हे गेले हो..." एवढंच म्हणाल्या. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण दीड महिना झाला, माझा राग गेलेला नाही आणि खोटं गोड बोलणं मला जमत नाही.

आम्ही दोघं भागीदार. गिऱ्हाईक मी सांभाळायचो, मशीन तो. बाजारातून नवा कॉम्प्युटर आणावा, काम करावं, घरी जावं... हे त्याला मान्यच नव्हतं. बटण दाबल्यावर पडद्यावर काही दिसायच्या आधी जो प्रोग्राम जागा होतो, ते फर्मवेअर. ते कंपनीचं गुपित असतं, मालकालाही उघडून बघता येत नाही, याचा त्याला असा संताप यायचा, जणू त्याच्या घरात कुणी न विचारता बिऱ्हाड थाटलंय. "पैसे आपले, टेबल आपलं, आन् आत बसलेला दुसऱ्याचा? हे चालणार न्हाई बे!" मग ज्याचा नकाशा कुणालाही बघता येतो असा मदरबोर्ड त्याने कुठून तरी मिळवला, त्यावर खुलं फर्मवेअर चढवलं आणि ऐन हंगामात मशीन ठार बंद पाडलं. चुकत होता तो, व्यापाऱ्यांची बोलणी खात होतो मी.

पुढे मशीन सुरळीत चाललं, हे खरं. यंत्रमागांना डिझाईन पाठवणारं कार्डही त्याने स्वतः बनवलं. पण नमुना बघायला आलेल्या व्यापाऱ्यालाही हा फर्मवेअर शिकवायला बसायचा, समोर चहा गार व्हायचा. एकदा तो लग्नासाठी अक्कलकोटला गेला असताना मी बाहेरचा मेकॅनिक बोलावून फर्मवेअर बदलायचा घाट घातला. परतल्यावर त्याला कळलं. त्याने तडक मशीनला कुलूप घातलं. त्याच्या डिजिटल चावीने मंजूर केलेलं तेवढंच चालू होणार.

"म्हणजे कंपनीचं कुलूप गेलं आणि तुझं आलं?" मी ओरडलो.

"माझं म्हंजे आपलंच की," तो म्हणाला.

आपलंच! शोकसभेत त्याच्याकडे फर्मवेअर शिकून गेलेले शिष्य माईक धरून सांगत होते, सरांनी ज्ञान सगळ्यांना खुलं केलं. जगाला खुलं आणि भागीदाराला कुलूप... मी उठून चालता झालो. चावी त्याच्याबरोबर गेली, तिच्या मंजुरीशिवाय नवी डिस्क चालेना, त्याचं ते कार्ड दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरला बसेना, माग थांबले, ऑफिस बंद करायची पाळी आली.

गेल्या रविवारी कुर्डुवाडीहून त्याची एक शिष्या आली, इंजिनियर. तिने कॅबिनेट उघडून बोर्डवरचा एक स्क्रू दाखवला.

"काका, कुलूप कसलं? ह्यो काढला की फर्मवेअरच्या चिपवर पुन्हा लिहिता येतंय. मशीन ज्याच्या पुढ्यात हाय, शेवटी त्याचंच चालतंय. सरांनी तसंच ठेवलंय की."

स्क्रूच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. हे कशाला, मी विचारलं.

"कुणी उघडलं तर सरांना कळावं म्हणून. ठिपका तुटतोय ना."

म्हणजे मला अडवायचं त्याच्या मनात नव्हतंच. मी न सांगता हात घातला, तर त्याला फक्त कळायला हवं होतं. हे तोंडाने सांगायला काय जीभ झिजत होती? एवढा राग मला तो गेला त्या दिवशीही आला नव्हता. तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर मी ओढून घेतला आणि जोर लावून फिरवला. ठिपका तुटला, बोर्डवर लाल भुगा पडला.

मग पोरीने चिपवर पुन्हा लिहून कुलूप काढलं; मशीन आता चालू आहे, मागही चालू आहेत. कॅबिनेटचं झाकण मात्र मी अजून लावलेलं नाही. उघडलंय मी, व्यंकू, तुला न विचारता. ये की बे, भांड...