बाबांचं व्हिएन्नाचं कटलेट

गेल्या रविवारी एकटीच बाहेर जेवायला गेले. मेलबर्नचं लॉकडाउन उठून जेमतेम आठवडा झालेला... सगळं शहर केस कापायच्या रांगेत उभं होतं, आणि मी घरून, टार्निटहून, सव्वा तास गाडी चालवत पार दुसऱ्या टोकाला, डोंगराकडच्या एका ऑस्ट्रियन हॉटेलात निघाले होते.

नवरा म्हणाला, "मी येतो सोबत." नको म्हटलं. रडायचं असेल तर मला साक्षीदार नको असतात.

हे हॉटेल शोधलं होतं बाबांनी. तरुणपणी ते कंपनीच्या ट्रेनिंगसाठी सहा महिने व्हिएन्नाला होते. तिथून त्यांनी दोनच गोष्टी आणल्या, एक ओव्हरकोट आणि एका कटलेटची आठवण. कोटाला कसर लागली, आठवणीला काही लागली नाही... पातळ ठोकलेलं, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं, ताटाबाहेर लोंबणारं, वर लिंबाची फोड. लहानपणी बाबा हे सांगू लागले की माझ्या डोळ्यांपुढे आपलं बटाट्याचं कटलेट यायचं, आणि ते लोंबेल कसं हे काही केल्या कळायचं नाही. आईला मात्र नेमका त्याच वेळी कुकर लावायचा असायचा.

करोनाच्या तोंडावर आई-बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आणि अडकले. बाबांना काहीतरी उद्योग हवाच होता. पबमधलं तसंच तळलेलं चिकन श्निट्झेल आणून दिलं तर दोन घास खाऊन म्हणाले, "बरं आहे. पण हे ते नव्हे." मग एका दुपारी स्वतःच फोन लावून, गंजलेल्या जर्मनमध्ये या हॉटेलात टेबल बुक केलं.

त्याच आठवड्यात लॉकडाउन लागलं. उठल्यावर पुन्हा बुक केलं, पुन्हा लागलं... त्या वेळी तर घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची सोय नव्हती. बाबांनी इस्त्रीचा शर्ट गुपचूप कपाटात परत ठेवला. मला सरकारचा, व्हायरसचा आणि त्यांच्या त्या गुपचूपपणाचाही राग आला होता.

पुढच्या वर्षी स्पेशल फ्लाइट मिळाली आणि दोघं पुण्याला परतले. एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, बाबा गेले. बॉर्डर बंद. मी एकुलती एक, आणि त्यांचं शेवटचं दर्शन मी गॅरेजमध्ये उभं राहून फोनवर घेतलं... चित्र सारखं अडकत होतं. त्याबद्दल याहून जास्त मला अजून लिहिता येत नाही.

म्हणून ठरवलं होतं, हॉटेलं उघडली की बाबांच्या नावाने ते कटलेट खायचं. माझ्या हातात दुसरं होतंच काय?

दारात व्हॅक्सिनचं सर्टिफिकेट दाखवून आत गेले. मालकीणबाई सत्तरीच्या असतील. मेनू न उघडताच त्यांना म्हटलं, "ट्रॅडिशनल वन, प्लीज." ताट आलं... खरोखरच बाहेर लोंबत होतं. सहज विचारलं, चिकनच ना?

"ओह नो, लव्ह. व्हील. ट्रॅडिशनल इज ऑल्वेज व्हील."

व्हील म्हणजे कोवळं वासरू. मी काटा खाली ठेवला. बाहेर चिकन खाणारे बाबा मला माहीत होते. पण दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जाणाऱ्या बाबांनी आयुष्यभर ज्याचे गोडवे गायले ते हे? त्यात दुसऱ्या दिवशी वसुबारस. यंदा आमच्याकडे दिवाळी नव्हतीच, पण वसुबारस ती वसुबारस... मला खाववेना आणि उठवेना.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. पुण्यात सकाळचे आठ वाजले असतील.

"पोचलीस का गं? मिळालं?"

"हो. चिकनचं आहे, छान आहे," मी ठोकून दिलं. आमची आई अंड्याचं भांडंसुद्धा वेगळं ठेवते.

"चिकनचं नसतं ते," आई म्हणाली. "वासराचं असतं. मला माहितीये."

मग तीच बोलत राहिली. व्हिएन्नाहून परत आल्यावर बाबांनी तिला खरं सांगितलं होतं. तिने कितीतरी दिवस त्यांचं ताट वेगळं ठेवलं, आणि पुन्हा खाणार नाही अशी देवासमोर शपथ घ्यायला लावली. बाबांनी ती पाळली... नुसत्या आठवणीवर भागवलं.

"तुमच्याकडे अडकलो होतो ना, तेव्हा मीच म्हटलं त्यांना, शपथ सुटली म्हणून समजा. किती वर्षं अडवायचं माणसाला? फोन करा त्या हॉटेलला. तुम्ही खा, मी समोर बसेन." मग म्हणाली, "आणि हॉटेलच उघडेना गं."

मी बाबांचा हट्ट समजत होते. ती आईने इतक्या वर्षांनी त्यांना दिलेली सूट होती, आणि ती वापरायला मिळाली नाही म्हणून बाबा गेल्यापासून सहा महिने आई एकटीच आतल्या आत झुरत होती. मला भडभडून आलं. साक्षीदार नको म्हणणारी मी, भर हॉटेलात मास्क डोळ्यांना लावून बसले.

"गार होईल," आई म्हणाली. "त्यांच्या वाटचं खा. मी बसते."

फोन पाण्याच्या बाटलीला टेकवला आणि लिंबू पिळून खाल्लं. चवीचं मला विचारू नका. निम्मंच गेलं, पण तेवढा वेळ आई जागची हलली नाही की तिने मान वळवली नाही. मध्ये एकदा फक्त पदराने चष्मा पुसला.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"चल, आता आंघोळीला जाते. त्यासाठीच थांबले होते."

रोज सहाच्या आत आंघोळ उरकणारी माझी आई... म्हणजे अशा ताटासमोर बसायचं आणि मगच आंघोळ करायची, हे तिने फोन करायच्या आधीच ठरवलं होतं. एवढं तिने माझ्यासाठी केलं, आणि मला अजून तिच्याजवळ जाऊन तिचा हातही धरता आलेला नाही.