सासऱ्यांची शेवटची टाकी

कुठलीही गढूळ गोष्ट न हलवता ठेवली की आपोआप निवळते, यावर माझ्या सासऱ्यांइतकी श्रद्धा असलेला माणूस ठाण्यात तरी दुसरा सापडायचा नाही. त्यात त्यांचा दोष नाही म्हणा. कारखान्यांचं सांडपाणी निवळायच्या टाक्या आखण्यात त्यांचा जन्म गेला. लग्न ठरलं तेव्हा ‘मुलाचे वडील टाक्यांचं काम करतात’ एवढंच आमच्याकडे कळलं होतं, आणि गच्चीवरची टाकी गळते तेवढी बघून द्याल का, असं माझ्या मावशीने बैठकीतच विचारून घेतलं. बाबा तिला म्हणाले, “गळते ती टाकी मला लहान पडते हो.” लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी त्यांचा चहा ढवळून दिला, तर त्यांनी कपाकडे असं पाहिलं, की जणू मी त्यात मीठच घातलंय. “सूनबाई, आता हा पुन्हा खाली बसेपर्यंत थांबावं लागणार,” ते म्हणाले आणि खरोखरच थांबले. चोथा तळाला गेल्यावर वरचा गारढोण चहा आनंदाने प्यायले. वरण असो, कढी असो, त्यांच्या पानाशी आलं की आधी त्याला स्वस्थ बसू द्यायचं. सासूबाईंची आणि माझी पहिली जुंपली ती वॉशिंग मशीन कुठे ठेवायचं यावरून. बाबांनी हुकूम सोडला, “जेवणापर्यंत दोघींनी एकमेकींना ढवळायचं नाही,” आणि स्वतः पेपर घेऊन मध्ये बसले. सासूबाई फणकारल्या, “अगं, लग्न झाल्यापासून हा माणूस मला निवळतच ठेवतोय!” मग आम्हा दोघींना हसू आवरेना. मशीन शेवटी बाथरूममध्येच गेलं.

टाकी म्हणजे नेमकं काय, हे मात्र मला घोडबंदर रोडवर समजलं. ट्रॅफिक असा तुंबलेला की मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेले. बाबा शेजारी अगदी प्रसन्न. “बघ, टाकीतून पाणी असं जायला हवं. इतकं सावकाश, की गाळाला वाटावं, आता पुढे जाण्यात अर्थ नाही, इथेच बसावं.” मी म्हटलं, “बाबा, मलाही अगदी तस्संच वाटतंय.” नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या रांगेत उभे असताना त्यांनी एका कार्यकर्त्याला गाठलं आणि तोंडाशीच एक आडवी फळी लावा, गर्दीचा जोर मोडेल, असं हातवारे करून समजावलं. “हो आजोबा, पुढच्या वर्षी नक्की. आता जरा पुढे सरका,” असं म्हणून त्या कार्यकर्त्याने त्यांना प्रसाद देऊन वाटेला लावलं. पुढच्या वर्षी फळी लावलीय का, हे बघायला बाबा मुद्दाम पहिल्याच दिवशी गेले. नव्हती.

टाकी झाली की बाबा तिची परीक्षा घेत. लॅबचा रिपोर्ट सरकारसाठी. बाबांची परीक्षा वेगळी. त्यांच्याकडे काचेची एक उंच नळी होती. टाकीच्या काठावरून सांडणारं निवळलेलं पाणी तिच्यात भरायचं, नळी पेपरातल्या छोट्या जाहिरातींवर उभी करायची आणि वरून डोकवायचं. ‘सुस्वरूप, मनमिळाऊ, नोकरी करणारी वधू पाहिजे’ एवढं वाचता आलं की टाकी पास. डोंबिवलीतल्या एका रंगाच्या कारखान्याची टाकी हे आपलं शेवटचं काम, असं त्यांनी जाहीर केलं होतं. “ही पास झाली की ड्रॉइंगं माळ्यावर.” आणि नेमकी तीच पास होईना. आमच्या घरात गाडी मला एकटीला येते, त्यामुळे दर शनिवारी शिळफाट्यावरून त्यांना घेऊन जायचं काम माझ्याकडे. तिथे प्लांट सांभाळणारे भोईर जवळच्याच गावातले. ते पाणी भरून द्यायचे आणि म्हणायचे, “काका, पानी साफ हाय की!” बाबा वाकून बघायचे. “नाही. धुरकट आहे.” पाणी आत येतं तो पाइप बदलून झाला, मधली फळी हलवून झाली, गाळ बसवायच्या औषधाचा डोस कमीजास्त करून झाला. लॅबचा रिपोर्ट उत्तम आला तर म्हणाले, नमुना सकाळचा घेतला असेल, रात्रभर निवळलेला. मी नळीतून जाहिरात फोन नंबरासकट मोठ्याने वाचून दाखवली. “तुला पाठ झालीय,” बाबा म्हणाले. “अहो, आजचा पेपर आहे!” “लोकांच्या अपेक्षा रोज त्याच असतात.”

मालक बिचारे भले होते, पण तेही विचारू लागले, साहेब, टाकी ताब्यात कधी देताय? बाबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. “गढूळ टाकी मागे ठेवून जायचं नाहीये मला,” असं ते एकदा गाडीत बोलले. घरीही सगळं धुरकटच चाललं होतं. पाण्याच्या फिल्टरवाल्याला त्यांनी बोलावून झापलं, खिडक्यांच्या काचा पुन्हा पुन्हा पुसायला लावल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या शनिवारी ते नळीवर वाकलेले असताना मी नळीच उचलून बाजूला ठेवली. खाली नुसता पेपर. “आता वाचा, बाबा.” ते बराच वेळ बघत राहिले. मग गंभीरपणे म्हणाले, “हवाच किती खराब झालीय इथली.” भोईर तोंड फिरवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

मोतीबिंदू आहे म्हटल्यावर बाबांनी उपायही स्वतःच सुचवला: काही दिवस डोळा न हलवता पडून राहतो. सासूबाई कडाडल्या, “डोळा म्हणजे काय तुमची टाकी वाटली?” आणि त्यांना ऑपरेशनला घेऊनच गेल्या. डॉक्टरांनी बाहेर फिरायची परवानगी दिली त्या पहिल्याच शनिवारी आम्ही डोंबिवलीला गेलो. भोईरांनी नळी भरली. बाबांनी जाहिरात वाचली, पत्रिका, अपेक्षा, फोन नंबर, सगळं. “पास,” ते हळूच म्हणाले.

मी टाळ्याच वाजवणार होते. बाबा मात्र नळी धूत बसले. धुतली, पुसली, फडक्यात गुंडाळली. “म्हणजे आता शनिवारचं यायचं कारण नाही,” ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही, असंच. पाणी निवळावं म्हणून आम्ही सगळ्यांनी जिवाचा इतका आटापिटा केला होता, पण हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला एकदम रडू यायला लागलं. बाबांनी टाकीला एक फेरी मारली. पाणी सांडतं त्या कडेशी ते वाकले.

“भोईर, ही बाजू जरा खाली गेलीय. इथून पाणी जास्त पडतंय.”

भोईरांनी कडेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाणी सगळीकडून एकसारखं पडत होतं. मला दिसत होतं, आणि बाबांना तर आता माझ्याहून स्वच्छ दिसतं.

“हां काका, खाली हाय खरी,” भोईर म्हणाले. “पुढच्या शनवारी या. तवर मी हात लावत नाय.”

“नकोच लावू,” बाबा म्हणाले, आणि फडक्यातली नळी पिशवीत न टाकता त्यांनी भोईरांच्या कपाटात ठेवली.

मालकांना टाकी ताब्यात मिळाली, त्यालाही आता बरेच शनिवार झाले. कड अजून सरळ व्हायची आहे, आणि आमच्यापैकी कुणालाच तिची घाई नाही.