काडीसाठी सोबत शोधणारे आबा

जनावर पाहायला गेले की आबा त्याच्याकडे पाठ करून बसत. विकणारा बैलाला फिरवून दाखवी, शिंगांवरून हात फिरवी, जबडा उघडून दात दाखवी. आणि आबा मात्र धोतर गुडघ्यांवर घेऊन उकिडवे बसलेले, नजर समोरच्या बाभळीवर. तंबाखू मळून होईपर्यंत ते वळत नसत. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मला ती बाजारातली एखादी युक्ती वाटली होती. पुढे त्यांनीच सांगितले, "बघणाऱ्याम्होरं समदी जनावरं शानी असत्यात, पाव्हणं. आपलं ध्यान न्हाई म्हटल्यावर ती काय करत्यात, त्ये ऐकायचं." श्वास कसा चालतो, रवंथ मध्येच अडते का, जनावर उगाच पाय बदलते का, हे सारे ते पाठीने ऐकत.

आबा माझ्या पत्नीचे, सुनंदाचे, सख्खे मामा. पलूसजवळच्या त्यांच्या गावात त्यांना 'जोडीचे आबा' म्हणत. ज्याच्या दावणीचा एक बैल गेला, तो माणूस उरलेल्या बैलाला साजेसा दुसरा शोधून घ्यायला आबांकडे येई. उंची, खांदा, चाल आणि स्वभाव या चारही गोष्टी जुळल्याखेरीज आबा मान हलवत नसत. ट्रॅक्टर आल्यावर ही वर्दळ ओसरली. शर्यतीचे बैल पळवणारी मंडळी अधूनमधून येत, पण त्यांना ते चहा पाजून परत पाठवत. म्हणत, "त्यास्नी बैल न्हाई, मोटारसायकल पायजे."

अशा माणसाकडे आम्ही एका कुत्रीसाठी सोबत शोधण्याचे काम सोपवले, ही आता मलाही गमतीची गोष्ट वाटते. त्या वेळी मात्र गमतीसारखे काही नव्हते.

आमची मुलगी ऋतुजा पुण्यात नोकरी करत असताना तिने व्हिपेट जातीची कुत्री पाळली होती. ही जात आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. शर्यतीत पळणाऱ्या ग्रेहाउंड कुत्र्याची धाकटी बहीण शोभावी असे रूप: लांब पाय, आत ओढलेले पोट आणि कांद्याच्या सालीसारखी पातळ कातडी. ऋतुजाने तिचे नाव काडी ठेवले होते. पुढे कंपनीने ऋतुजाला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवले आणि काडी सांगलीला आमच्या घरी आली. आमच्या गल्लीत तिच्या बरगड्या हा चर्चेचा विषय झाला. माझे औषधांचे दुकान आहे. तेव्हा समोरच्या वहिनी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, साऱ्या गावाला टॉनिक विकतात, घरच्या मुक्या जिवाला चमचाभर द्यायला होत नाही. कुणी ना कुणी फाटकातून तिला भाकरी सरकवी. काडी ती हुंगून सोडून देई, आणि मग आम्ही तिची भूकच मारली आहे असे ठरे.

जाताना ऋतुजाने मला एवढेच सांगितले होते, "बाबा, हिला कुणाला देऊ नका." तिने आजवर जे काही सोपवले ते आईकडे सोपवले. शाळेचे गॅदरिंग असो की तापातली रात्र, मी दुकानात असे. तिने माझ्याकडे पाहून काही मागितल्याचा हा पहिला प्रसंग, आणि तो मला वाया जाऊ द्यायचा नव्हता.

काडीला एकटेपण सोसत नव्हते. सुनंदा शाळेत शिकवायला आणि मी दुकानात गेलो की ती दाराशी उभी राहून लांब, बारीक सुरात रडू लागे. परत यावे तो दाराचा रंग खरवडलेला आणि तिची नखे रक्ताळलेली. दुकानात नेऊन पाहिले, तर गिऱ्हाइकांच्या पायांना घाबरून ती काउंटरखाली दिवसभर थरथरत बसली. पशुवैद्यांनी औषध दिले, पण खरे सांगितले की हिला घरात जिवंत सोबत हवी. ती जमत नसेल तर माणसे दिवसभर घरी असतात असे एखादे घर शोधा. जत भागातला एक गृहस्थ शिकारी जातीची कुत्री बाळगून होता आणि काडीला न्यायला तयार होता. सुनंदा कठोर नाही, पण दाराआडचे ते रडणे तिला ऐकवत नव्हते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत काही जमले तर ठीक, नाहीतर हिला देऊन टाकू, असे तिने ठरवले. ते ऋतुजाला कोणत्या शब्दांत सांगायचे, याचा विचार करत मी रोज शटर उघडत होतो.

त्याच सुमारास आबा डोळे तपासायला सांगलीत आले. सुनंदाने सारी हकिगत सांगितली. त्यांनी काडीकडे एकदा पाहिले आणि नेहमीप्रमाणे पाठ करून बैठकीत फरशीवर बसले. बऱ्याच वेळाने काडीने येऊन त्यांची मान हुंगली. तरी ते वळले नाहीत. सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "आबामामा, तो बैल नाही, कुत्री आहे." त्यावर ते म्हणाले, "म्हाईत हाय गं. पर एकली ऱ्हायल्यालं जनावर समदं एकच असतं."

पंधरवड्यात त्यांनी काडीला जोड आणली. तरणाबांड कारवान होता तो, आपल्याकडच्या शिकारी जातीचा. उंची काडीपेक्षा चार बोटे अधिक, पण छाती तशीच खोल आणि चाल तंतोतंत. "जोड म्हंजी जोड," आबा समाधानाने म्हणाले. "खांद्याला खांदा लागाय पायजे." पहाटे मैदानावर सोडल्यावर दोघे जे पळाले, ते पाहून फिरायला आलेली माणसे थबकली. आबांनी तर पागोट्याचे टोक डोळ्यांना लावले. मीही त्या रात्री ऋतुजाला चित्रफीत पाठवली, आणि पुष्कळ दिवसांनी नीट झोपलो.

ती झोप फार टिकली नाही. पळून झाले की त्या कारवानाला आणखी पळायचे असे. घरात तो फाटकाकडे टक लावून उभा राही, त्याची बेचैनी काडीत उतरे, आणि आम्ही बाहेर पडलो की आता दोन गळे रडू लागत. शेवटी एका सकाळी फाटकाची कडी नीट न लागल्याने दोघे निसटले. गावाबाहेरच्या उसाच्या फडापलीकडे मेंढरे बसली होती, त्यांच्यावरच दोघे धावले. मेंढरांना काही झाले नाही. मेंढक्याच्या काठीने कारवानाला समज मिळाली. पण काडी काटेरी तारेतून गेली होती. कागद फाटावा तशी तिची बगल फाटली होती. टाके घालताना तिने आवाजही केला नाही, त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

निरोप मिळताच आबा दुपारच्या एसटीने आले. टाके पाहिले. कारवानाच्या गळ्यात दोर बांधला आणि पाणीही न घेता पायरीवर बसून राहिले. मी त्यांची समजूत घालू लागलो, की दोष कडीचा, म्हणजे कडी न लावणाऱ्या माझाच आहे. त्यांनी हातानेच मला थांबवले.

"न्हाई पाव्हणं, चुकलं ते माझं. जू न्हाई तितं मी जोड हुडकली." मग म्हणाले, "हिला पळाय सोबत नकुच हुती. थांबाय पायजे हुती."

साऱ्या पंचक्रोशीत ज्यांचा शब्द चाले, त्या माणसाने हे आपल्या भाचीच्या पायरीवर बसून, आवाज न चढवता आणि न पाडता सांगितले. मी आयुष्यात पुष्कळदा माफी मागितली आहे, पण माझ्या माफीत नेहमी एखादे कारण जोडलेले असे. आबांच्या बोलण्यात ते नव्हते.

त्यांनी सुनंदाकडून दिवाळीपर्यंतचा शब्द पुन्हा मागून घेतला, कारवानाला परत नेले आणि नव्याने शोध सुरू केला. आता त्यांना उंचीशी कर्तव्य नव्हते. मिरजेत एक पॉमेरेनियन पाहिला. तो कुकरच्या शिट्टीवर भुंकत सुटला आणि काडी माझ्या पायांत शिरली. एका ओळखीच्या घरचा लॅब्राडोर मनाने सोन्यासारखा होता, परंतु आनंद झाला की अंगावर बसे. आबा बाहेर येऊन म्हणाले, "गडी लय चांगला हाय, पर हिचं टाकं उसवंल." कुत्र्याच्या मालकांना त्यांच्या पाठ करून बसण्याचा राग येई. एका बाईंनी तर मला बाजूला घेऊन विचारले, की आजोबा रुसलेत का.

मग साताऱ्याहून निरोप आला. एका निवृत्त सुभेदारांच्या पत्नी, ज्यांना सारे काकी म्हणत, मुलाकडे राजस्थानात राहायला निघाल्या होत्या. त्यांच्याकडे मेजर नावाचा एक पग होता. चपटे नाक, कपाळाला आठ्या आणि पोट जमिनीला टेकायच्या बेतात. वाळवंटातला उन्हाळा त्याला सोसणार नाही, असे डॉक्टरांनी काकींना बजावले होते. मोबाइलवर त्याचा फोटो पाहून सुनंदा हसतच सुटली. त्याच्या शेजारी काडी उभी केली तर लोक तिकीट काढून बघायला येतील, असे तिचे म्हणणे. आबा हसले नाहीत. ते गाडीत बसले आणि काडीचे डोके त्यांनी मांडीवर घेतले.

काकींच्या अंगणात काडीला न्यायला त्यांनी मनाई केली. पहिली भेट परक्या जागेत, आणि समोरासमोर नाही, दोघांची तोंडे एकाच दिशेला. नवा बैल आणला की ते असेच करत असत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या रस्त्यावरून आम्ही निघालो. पुढे काकी आणि मेजर, मागे मी आणि काडी. मेजर थोडे चालला की बसे. काकी म्हणाल्या, "रिटायर झालाय तो, घाई करू नका." काडी त्याला ओलांडून पुढे गेली, दोर ताणला, मागे वळून पाहिले आणि परत येऊन त्याच्याजवळ उभी राहिली. पुढच्या वळणावर पुन्हा तसेच झाले. तिसऱ्या वेळी मेजर बसला तेव्हा, रस्त्याच्या कडेला, ती त्याच्या अंगाला पाठ लावून खाली बसली. उघड्यावर ती बसलेली मी तोवर पाहिली नव्हती.

आबांना एवढे पुरेसे वाटले नाही. दोघांना काकींच्या जाळीच्या व्हरांड्यात ठेवून आम्ही सगळ्यांनी फाटकाबाहेर जायचे, असे त्यांनी सांगितले. मी गाडी सुरू करून कोपऱ्यापर्यंत न्यायची, म्हणजे काडीला आपण गेलो असेच वाटले पाहिजे. मी गाडी नेली, उभी केली आणि चालत परतलो. आबा कुंपणाकडे पाठ करून बसले होते. काकी पदर बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. त्यांचाही जीव त्यात गुंतला होता. काडीचे रडणे नेहमी एका क्षीण कण्हण्याने सुरू होई, आणि तेच मला आता ऐकू येणार याची मला खात्री होती. एकदा नखांचा आवाज आला. मी डोळे मिटले. पुन्हा एकदा आला, आणि थांबला. मग आतून एक वेगळाच सूर येऊ लागला, करवतीने ओले लाकूड कापावे तसा.

"ह्ये काय हाय?" आबांनी विचारले.

काकी ओशाळून म्हणाल्या, "मेजर घोरतोय. तेवढी एक खोड आहे हो त्याला."

आबांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेले हसू पसरले. "खोड कशाची, आक्का," ते म्हणाले. "आंधारात बी तिला कळंल, कुणीतरी हाय म्हणून."

आम्ही बराच वेळ तिथे होतो. दुसरा कोणताही आवाज आला नाही. व्हरांड्यात पाहिले तेव्हा काडी त्याच्या पाठीवर हनुवटी टेकून झोपली होती. मेजरला घेऊन निघताना काकींनी डोळे पुसले होते, ते परतीच्या वाटेवर आठवत होते, पण खरे सांगायचे तर कऱ्हाड येईपर्यंत माझ्या छातीवरचे ओझे उतरले होते. मागच्या सीटवर ते करवतीचे काम चालूच होते. त्या रात्री मी ऋतुजाला फोन केला. चित्रफीत पाठवण्याजोगे काही नव्हते. दोन कुत्री झोपली होती, एवढेच. मी फोन त्यांच्याजवळ धरला, आणि ती पलीकडे पुष्कळ वेळ ते घोरणे ऐकत राहिली.

गेल्या थंडीत आबांनी अंथरूण धरले. सुनंदा रजा काढून त्यांच्याकडे गेली होती. एका रविवारी मी गेलो. माझे त्या घरी जाणे म्हणजे चहाचा कप रिकामा होईपर्यंतचे, हे त्यांनाही माहीत होते. आवाज खोल गेला होता, पण डोळे स्वच्छ होते. मला पाहून त्यांनी विचारले, "काडी एकलीच हाय का घरी?"

"नाही आबा. मेजर आहे."

"मग बसा की निवांत."

मी पायांतून चपला काढल्या आणि त्यांच्या पलंगाशेजारी भिंतीला टेकून बसलो. त्यांना डोळा लागला. दुपार कलली, दिवेलागण झाली, सुनंदाने भाकरी वाढली तीही मी तिथेच खाल्ली. घरी कुणी रडत नव्हते. कुठे जायचे नव्हते. रात्री आबांनी हात पुढे केला तेव्हा धरायला मी जागेवर होतो.