अंथरुणातला जीव

आमच्या आत्तींनी उभ्या जन्मात मुंगी मारली न्हाय. बोलायची रीत म्हणून सांगत न्हाय, खरंच. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या की डबा उघडा ठेवायचा आन् त्या आपल्या पायानं निघून जाईस्तोवर सगळ्यांनी बिनसाखरेचा चहा प्यायचा. मी प्यायलेय तो चहा. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, धोंडूबाई. आमच्या निपाणीकडं सासूला आत्ती म्हणत्यात.

चालताना त्यांची नजर कायम खाली, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. त्यामुळं गावात माणसं त्यांना तोंडावरनं कमी आन् चपलांवरनं जास्त ओळखू येत्यात. दिवस मावळायच्या आत जेवण. पाणी कापडातनं गाळायचं, आन् गाळून झालं की त्या कापडात अडकलेलं परत त्याच विहिरीत हळू सोडायचं. त्याला जिवाणी म्हणत्यात. जिथला जीव तिथं गेला पायजे. दारात बोअर मारली तवा आत्तींना एकच घोर, आता जिवाणी कुठं सोडायची? बोअर राहिली बाजूला आन् पिण्याच्या पाण्याला आम्ही परत विहिरीवर. आम्ही म्हणजे काय, दोरी ओढायला मीच.

आन् घर कुणाचं, तर तंबाखूवाल्याचं. रानात फवारणी असली की आत्ती सकाळीच बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन बसायच्या ते पंप धुऊन ठेवल्यावरच परत यायच्या. मी एकदा म्हटलंबी, आत्ती, तुम्ही तिकडं बसला म्हणून हिकडं अळ्या जगत न्हाईत. तर म्हणाल्या, "ठाव हाय की गं. पण बघवत न्हाय."

अशा घरात ढेकणं शिरली. लग्नाच्या गाडीतनं आली का पाहुण्याच्या पिशवीतनं, कुणाला ठाऊक. शिरली ती नेमकी आमच्या खोलीत, सागवानी पलंगाच्या सांधीत.

आमचे मालक, म्हणजे आत्तींचा ल्योक अरिहंत, पिकअप चालवत्यात. भाजी भरून पहाटेला कोल्हापूर. म्हणजे झोपायचं ते सांजंलाच, आन् तेवढ्यात ही ढेकणं फोडून काढायची. मालक उठायचे ते तांबडं डोळं घेऊन. एक दिवस कोगनोळीच्या नाक्याच्या अलीकडं स्टेअरिंगवरच डुलकी लागली. गाडी दुभाजकाला घासत गेली, टमाटे रस्ताभर. माणूस वाचला, हे आमचं नशीब. घरात सांगितलं, टायर फुटला. मला तेवढं खरं सांगितलं आन् वर शपथ घातली, आईला बोलायचं न्हाय.

तवापासनं मलाबी झोप न्हाय. गाडी दारातनं गेली की मी अंथरुणात उठून बसायची, ते बाजारात पोचल्याचा फोन येईस्तोवर. परत डुलकी लागली तर टमाट्यावर भागायचं न्हाय, हे मला कळत होतं.

मग घेतली खोली साफ करायला. मोबाईलवर एक बाई लई गोड सांगत होती, चांगल्या झोपेसाठी खोली कशी ठेवावी. उशाशी लव्हेंडर ठेवा म्हणे. बाई गं, निपाणीत उशाशी काय बी ठेव, वास तंबाखूचाच येतो. तरी पडदं उतरवून धुतलं, जळमटं काढली, माळ्यावरची अडगळ उपसली, भिंतींना पिस्ता रंग दिला. गाद्या उन्हात टाकायला निघाले तर आत्ती आडव्या आल्या. "तापून मरत्यात गं ती." सावलीत गाद्या वाळवणारी जगात मी एकटीच असंन. उकळतं पाणी ओतायचं तर नावच काढायचं न्हाय.

मग पलंगाचं स्क्रू काढलं, फळ्या सुट्या केल्या आन् रंगाच्या ब्रशनं एकेक सांध झाडून ढेकणं डब्यात धरली. सांगायलाबी शिसारी येते. आत्ती शेजारी उभ्याच. "आण तो डबा, मी सोडून येते." पदराखाली डबा झाकून जायच्या आन् रिकामा घेऊन यायच्या. बांधावर कुठं तरी टाकत असतील, असं मी धरून चालले.

धुतलेली चादर घातली. मालक चार रोज बरं झोपले. आन् मग परत पाठीवर लाल गांधी उठल्या. परत स्क्रू, परत ब्रश, परत डबा. कितींदा केलं त्याला हिशेब न्हाय. रडकुंडीला आले. कामाचं काय न्हाय वो, काम मरेस्तोवर करंन, पण केलेल्या कामाला यश न्हाय म्हटल्यावर हातपाय गळत्यात.

एक दिवस आत्ती बस्तीत गेल्यावर म्हटलं, आज त्यांचीबी खोली काढू. त्यांची खोली आमच्या भिंतीला लागूनच. खाटंवरची वाकळ उचलली आन् तशीच मागं सरले. शिवणी-शिवणीतनं ढेकणं. आमच्या खोलीत कधी नव्हती इतकी. त्याच वाकळंवर ही बाई रोज निजत होती.

आत्ती आल्या तवा मी खाटंसमोरच बसलेली. वाकळ तशीच उघडी ठेवलेली, राग मावत नव्हता.

"आत्ती, डबा कुठं रिकामा करत होता तुम्ही?"

त्यांनी खाटंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. लपवायचं त्यांना जमतच न्हाय. "हितंच की."

"हितं? स्वतःच्या अंथरुणात?"

"मग कुठं सोडू? बांधावर सोडलं तर उपाशी मरत्यात. पाण्यातला जीव आपण पाण्यात सोडतो का न्हाय? तसा अंथरुणातला जीव अंथरुणात." मग बाही खाली ओढत म्हणाल्या, "तुमाला तरास नको म्हणून माझ्यात घेतली. माझी कातडी आता जुनी झाली, मला लई चावल्यालं कळत न्हाय."

मी त्यांचा हात धरून बाही वर सारली. दंडापातूर लाल गांधी. कळत न्हाय म्हणे. माझा राग कुठं गेला आन् रडू कुठनं आलं, मलाच समजंना.

"अवो पण ती भिंतीतनं परत आमच्याकडं येत्यात," मी म्हटलं.

"भिंत हाय की मधी."

"ढेकणाला कसली भिंत, आत्ती." आन् मग माझ्यानं राहवलं न्हाय. शपथ गेली चुलीत. "त्यांचा टायर फुटला नव्हता. कोगनोळीला डुलकी लागलती. स्टेअरिंगवर. हितं झोप न्हाय म्हणून."

आत्ती खाली बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"गाडी चालू असताना?"

"व्हय."

"माझ्यामुळं."

मी न्हाय म्हटलं न्हाय. म्हणायला पायजे होतं का, ते अजून मला ठरवता येत न्हाय. मग त्याच म्हणाल्या, "भावकूला बोलीव."

भावकू गावातला फवारणीवाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पंप पाठीला लावून आला. मी दोन्ही खोल्यांतली भांडी-कापडं बाहेर काढली आन् आत्तींना म्हटलं, तुम्ही बस्तीत जाऊन बसा, झालं की मी बोलवायला येते.

आत्ती हलल्या न्हाईत. पदर तोंडाला घट्ट बांधला आन् भावकूपुढं हात केला. "दे रं ती नळी."

भावकू बिचकला. "आक्का, तुम्ही कशाला? मी हाय की."

"दे. पंप तू मार, नळी मी धरते."

"आत्ती, सोडा वो," मी म्हटलं. "त्याचं रोजचं काम हाय ते."

तवा त्या माझ्याकडं वळल्या. "करणाऱ्याला, करीवणाऱ्याला आन् बरं झालं म्हणणाऱ्याला, तिघांनाबी पाप सारखंच लागतं. त्यानं करायचं, मी करीवायचं, आन् घरानं बरं झालं म्हणायचं? एवढ्यांनी कशाला वाटून घ्यायचं? ल्योक माझा हाय. मी एकटीच करते." दारात जाऊन परत थांबल्या. "तू तेवढं बरं झालं म्हणू नको, क्षमा."

मी दाराबाहेर उभी. आत पंपाचा आवाज आन् त्यातनं मधनं मधनं आत्तींचा, "क्षमा... क्षमा..." मी दोनदा ओ दिली. काय पायजे म्हणून विचारलं. मला हाक मारत न्हाईत, हे कळायला जरा वेळच लागला. आईबापानं ठेवलेलं नाव, पण त्या दिवशी ते मला माझं वाटंना.

सगळ्या सांधी, दोन्ही भिंती, शेवटाला स्वतःची खाट आन् वाकळ, सगळं त्यांनीच केलं. डोळं उघडं ठेवून केलं. मग डोक्यावरनं आंघोळ केली आन् त्या दिवशी तोंडात पाणीसुदीक घेतलं न्हाय. खोल्या उघड्या टाकून आम्ही सगळी बाहेरच्या सोप्यातच निजलो.

दुसऱ्या दिवशी मी फरशी धुऊन काढली, चादर घातली. मालक कोल्हापूरवरनं आले, चार घास खाल्लं आन् भर दुपारी आडवे झाले ते घोरायलाच लागले. कूस बदलणं न्हाय का काय न्हाय. आत्तींचं ताट मी लवकर वाढलं. त्या ताट पुढ्यात घेऊन सोप्यात बसल्या, खोलीच्या दाराकडं तोंड करून, घोरणं ऐकत. दिवस कलला. "जेवा की," मी दोनदा म्हटलं. मान हलवली नुसती. दिवस मावळला आन् मी भरलेलं ताट तसंच उचललं. दोन दिवसांचा उपास झाला.

अंधार पडता पडता मालक बाहेर आले. डोळं स्वच्छ, तोंडावर चादरीच्या सुरकुत्या. दाराला टेकून मोठी जांभई दिली. फवारणीचं त्यांना ठाऊक होतं, नळी कुणी धरली ते न्हाय.

"आई, लई दिवसांनी अशी झोप लागली बघ," म्हणाले. मग माझ्याकडं बघून हसले. "एकदाचं औषध मारलं ते बरं झालं. काय गं?"

आत्तींची नजर कधी न्हाय ती वर होती, माझ्या तोंडावर. बरं झालतं. माझा माणूस धड झोपलता, लई बरं झालतं, आन् ते जिभंवर आलतं माझ्या.

"तोंड धुवा," मी म्हटलं. "चहा ठेवते."